अंगणातला कूड

फेब्रुवारी उजाडला की मी पाण्याकडे बघायला लागतो. जेवताना पेल्यातल्या, देवापुढच्या तांब्यातल्या, कचेरीत टेबलावर ठेवलेल्या बाटलीतल्या. सकाळी आंब्याच्या मोहोराचा वास येतो, हवेतला गारवा सैल पडतो, शाळकरी मुलं सायकल चालवता चालवता काहीतरी पुटपुटत जातात, दहावीची वेळापत्रकं दारांमागे चिकटतात आणि घराघरातले आवाज आपोआप खाली येतात. डहाणूत हा हंगाम तसा सुखाचा. चिकू असतो, वालाच्या शेंगा असतात, हायवेच्या कडेला अजून मडक्यात शिजणाऱ्या उकडहंडीचा धूर दिसतो. मी मात्र पाण्याकडे बघतो. ते हललं, तर पंख्याच्या वाऱ्याने हललं की टेबलाला कुणाचा पाय लागला म्हणून, याची चौकशी करतो. बायको म्हणते, "अहो, पाणी आहे ते. पिऊन टाका."

पिऊन टाकतो. पण आधी बघतो.

मी मूळचाच संशयी माणूस. कचेरीत इतकी वर्षं कागद तपासून तपासून स्वभावच तसा झाला, असं मी लोकांना सांगतो. सही दिसली की आधी सही बघायची, मग माणूस. भाजीवालीच्या काट्याकडे बघायचं, कुलूप लावल्यावर तीनदा ओढायचं, 'सहज आलो होतो' म्हणणाऱ्याचं काम काय आहे ते आधी शोधायचं. यातलं बरंचसं कचेरीने दिलं असेल. पण एक गोष्ट कचेरीच्या फार आधीची आहे. दोन माणसं माझ्याकडे पाठ करून हसली, की मला खात्री पटते की ती मलाच हसली. माझी मान आपोआप वळते, शर्टाची बटणं चाचपली जातात. पन्नाशी आली तरी हे गेलं नाही, आणि आता जाईल असं वाटतही नाही.

ही खोड कुठून आली ते मला ठाऊक आहे. तलासरीच्या आत, हायवेपासून बरंच चालून गेल्यावर आमचा पाडा. घर कुडाचं. कारवीच्या काठ्या उभ्या करून वाखाच्या दोरीने बांधायच्या, त्यांवर माती, शेण आणि भाताचं तूस कालवून लिंपायचं, वर गवत. मी शिकायला वसतिगृहात गेलो तेव्हा गुरुजींनी 'माझे घर' असं चित्र काढायला सांगितलं. मी दोन मजली घर काढलं. जिना, खिडक्यांना गज, गच्चीवर अँटेना. गुरुजींना ते इतकं आवडलं की त्यांनी ते वर्गाच्या भिंतीवर लावलं. आमच्याच पाड्यावरचा एक मुलगा माझ्या मागच्या रांगेत बसायचा. त्याने ते चित्र पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवून हसला. त्याने कुणाला काही सांगितलं नाही. पण वर्षभर ते चित्र भिंतीवर होतं आणि वर्षभर तो मुलगा माझ्या पाठीमागे होता.

२०१४ साली मी डहाणूतल्या मसोलीत ते घर बांधलं. अगदी तेच म्हणत नाही, पण जवळजवळ तेच. बाहेरून जिना, खिडक्यांना ग्रिल, वर स्लॅब. सिमेंटच्या गोणीवरची तारीख मी स्वतः वाचायचो, वाळू मुठीत दाबून बघायचो, सेंट्रिंग काढायच्या दिवशी रजा टाकून उभा राहिलो. शेजारी राऊत सर होते, निवृत्त गणिताचे शिक्षक. वास्तुशांतीला आले तेव्हा भिंतीवर बोटांनी टकटक करून म्हणाले, "भाऊसाहेब, किल्ला बांधलात." मला ते शब्द फार दिवस पुरले. मी कुठून आलो हे कचेरीत काय, शेजारात काय, सगळ्यांना माहीत होतंच. आडनावावरूनच कळतं. पण माहीत असणं वेगळं आणि डोळ्यांना दिसणं वेगळं. त्या स्लॅबखाली ते कुणाला दिसत नव्हतं, एवढंच माझं समाधान होतं.

आणि मग २०१८ ची दिवाळी झाली, आणि जमीन हलायला लागली.

आधी आवाज यायचा. लांबून भरलेला ट्रक यावा तसा, पण रस्त्यावरून नाही, खालून. मग मांडणीतली ताटं एकमेकांवर वाजायची, खिडकीची काच थरथरायची, आणि आपण काही ठरवायच्या आत सगळं थांबलेलं असायचं. एखाद्या दिवशी काहीच नाही, एखाद्या दिवशी दोनतीनदा. तलासरीकडे जास्त, आमच्याकडे थोडं कमी, पण कमी म्हणजे किती याला काही अर्थ नसतो. त्या दिवसांत सगळ्यांना सगळ्याचा संशय यायचा. कुणी म्हणायचं खाणीत सुरुंग लावतायत. कुणी म्हणायचं जमिनीखालून काहीतरी काढतायत आणि आपल्याला सांगत नाहीत. चहाच्या टपरीवर एक जण शपथेवर सांगायचा की हे सगळं आपल्याला इथून उठवण्यासाठी चाललंय. तलासरीच्या बाजारातला किराणावाला डबे खालच्या फळीवर उतरवता उतरवता गुजरातीत म्हणाला, "साहेब, उपरवाळाने खबर, अने नीचेवाळाने खबर. आपणने कंई खबर नथी." तो हसला, मीही हसलो, आणि दोघांनी एकाच वेळी त्याच्या काचेच्या बरण्यांकडे बघितलं.

आमच्या जिन्याच्या भिंतीला एक चीर पडली. केसाएवढी. मी पेन्सिलने तिच्या टोकाशी रेघ मारून तारीख घातली. आठवड्याने ती रेघेच्या पुढे गेली होती. गेली होती असं मला वाटलं. सुनंदा म्हणाली, पेन्सिलच पुसट झालीय. सुनंदा म्हणजे माझी बायको, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, आणि घाबरल्याचं तोंडावर दिसू न देण्यात पटाईत आहे. तिने शाळेतली मुलं बाहेर झाडाखाली बसवायला घेतली होती आणि घरी येऊन मला मात्र पेन्सिलीबद्दल समजावत होती.

पण रोशनीला समजावता येईना. रोशनी आमची मुलगी, तेव्हा दहावीत. एका दुपारी ती आतल्या खोलीत भूमितीचा सराव करत होती आणि कपाटावरची बॅग धक्क्याने तिच्या शेजारी पडली. लागलं काही नाही. पण त्या दिवसापासून ती स्लॅबखाली बसेना. जेवायची बाहेरच्या ओट्यावर, अभ्यास पेरूच्या झाडाखाली. ऊन सरकेल तशी चटई सरकवायची. वाऱ्याने वह्या उडायच्या, मुंग्या यायच्या, रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस "काय गं, बाहेरच?" असं विचारून जायचा. मग तिने पुस्तक उघडायचंच बंद केलं. नुसती मांडीवर घेऊन बसायची आणि कान जमिनीकडे. जानेवारी संपता संपता एके संध्याकाळी म्हणाली, "बाबा, मी यंदा बसत नाही परीक्षेला. पुढच्या वर्षी बघू."

ती हे रडत म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. तिने ते अगदी हिशेबीपणे सांगितलं. पुढच्या वर्षी बघू म्हणणाऱ्या आमच्या पाड्यावरच्या कितीतरी मुली मी पाहिल्यात. ते पुढचं वर्ष त्यांच्याकडे कधी आलं नाही.

त्या रविवारी आम्ही पाड्यावर गेलो. माझा थोरला भाऊ, दादा, तिथेच असतो. आपली शेती आणि पावसाळा सरल्यावर मिळेल ते काम. दादाने अजून पक्कं घर बांधलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याची लाज वाटत आली होती. रोशनी घरात शिरली, सारवलेल्या जमिनीवर टेकली आणि बोलता बोलता झोपली. भर दुपारी. आम्ही बाहेर बसलो होतो तेव्हा खालून तो आवाज आला. मी ताडकन उठलो. कुडातल्या काठ्या करकरल्या, वरून थोडी गवताची कुसळं पडली, आणि झालं. दादा बसल्या जागचा हललाही नाही. मी आत धावणार तर त्याने माझा हात धरला.

"निजली आहं पोसी. नको उठवू."

"अरे पण धक्का..."

"हलतो नं कूड. हलू दे. तो हलतो म्हनून पडत नाय. आनं पडला तरी पाटीयेवढा भार त्याचा." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझ्या आंगनात जागा आहं. एक खोली लिंपून दिन. दहा दिसांचं काम."

मी हो म्हणालो नाही. मी विचारलं, "कारवी कुठून आणणार? जंगलातली तोडली तर भानगड होईल."

"गोठ्याची काढीन. बैल काय परीक्षेला बसनार नाय."

परतीच्या वाटेवर विवळवेढ्याच्या देवीला हात जोडताना मी काय मागितलं हे सांगायला मला आजही संकोच वाटतो. मुलीची भीती जाऊ दे, असं मागायला हवं होतं. मी मागितलं की दुसरा काहीतरी मार्ग दिसू दे. स्लॅबच्या घरापुढे कुडाची झोपडी! चारचौघांत सरळ उभं राहायला मला तीस वर्षं लागली होती आणि आता मी स्वतःच्या हाताने ते सगळं अंगणात आणून मांडणार होतो. राऊत सर काय म्हणतील, कचेरीत काय म्हणतील, समोरचे, पलीकडचे, येणारेजाणारे. मी एकेकाचं हसणं आधीच ऐकून घेतलं. प्रत्येकाचं वेगळं. यात माझा हातखंडा आहे.

रोशनी बसमध्ये माझ्या शेजारी बसली होती. तिच्या गालावर चटईचे वळ उठले होते. कित्येक दिवसांनी ती चार तास झोपली होती. मी फोन काढून दादाला 'ये' म्हणालो.

टेम्पो आला तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते, म्हणजे सगळा शेजार कुंपणाशी असण्याची वेळ. कारवीचे भारे, बांबू, गवत, तुसाची पोती, आणि वर बसलेले दादा आणि वहिनी. राऊत सर झाडांना पाणी घालत होते. त्यांनी पाइप तसाच हातात धरून विचारलं, "काय भाऊसाहेब, म्हैस घेताय की काय?"

झालं. जे ऐकू येणार होतं ते आलं. माझ्या मनातली पाल नुसती चुकचुकली नाही, ओरडली. आणि काय झालं कुणास ठाऊक, माझ्या तोंडून फार सहजपणे निघालं, "नाही हो सर, कॉटेज. पर्यटकांसाठी. बोर्डीकडे हल्ली चालतात ना, तसं."

सरांचा चेहरा उजळला. "अरे वा! एकदम अस्सल! आणि ही माणसं?"

"पाड्यावरची आहेत. यातले कारागीर."

दादा माझ्यापासून दोन हातांवर बांबू उतरवत होता. त्याने तो बांबू खाली ठेवला आणि दुसरा घेतला.

पुढचे चार दिवस मी फार रुबाबात होतो. लोक येऊन बघून जात होते. कुडाचं घर म्हटलं असतं तर नाक मुरडलं असतं अशी माणसं कॉटेज म्हटल्यावर कुडावरून हात फिरवत होती. "किती गार वाटतं नाही?" "मुंबईचे लोक वेडे होतील." कचेरीतल्या एकाने तर आपल्या मेहुण्यासाठी बुकिंगच विचारलं. मला कुणीही हसलं नाही. आणि जसजसं कुणी हसेना तसतसा माझा संशय वाढायला लागला, की हे इतकं सोपं कसं? ज्या गोष्टीपायी आपण जन्मभर मान खाली घातली तिचं नुसतं नाव बदललं की लोक माना डोलावतात, तर मग आपण लपवत काय होतो? पण हा विचार पुढे नेणं माझ्या सोयीचं नव्हतं. मी तो बाजूला ठेवला.

राऊत सर म्हणाले, "भिंतीवर वारली चित्रं हवीत हं. त्याशिवाय मजा नाही." मला पटलं. मी दुपारी दादाला म्हणालो, "इथे दर्शनी भागावर एक चौक लिहून घेऊ. वहिनीला सांग."

दादा मातीत पाय घालून चिखल तुडवत होता. तो थांबला. "चौक? लगीन कोनाचं आहं?"

वहिनी कुडाच्या पलीकडून म्हणाली, "पोसीचं ठरवलास का काय? आमाला सांगलास पन नाय!" आणि ती खळखळून हसली. रोशनी ओट्यावरून ओरडली, "काय? माझं?" सुनंदालाही हसू आवरेना. मलाही आलं. त्या दिवसांत मला संशयाशिवाय ऐकू आलेलं ते एवढंच हसणं.

पण दादा हसला नाही. "चौक लगनात लिहतात," तो म्हणाला. "सवाशिनी लिहतात. त्यात देवी बसते. ते तू इसरला नसशील. मंग त्या देवीम्होरं पैसं घिऊन पावनं निजवशील?" त्याने आवाज चढवला नाही. पुन्हा चिखल तुडवायला लागला. मी तिथे उभा राहिलो आणि मला खरोखर लाज वाटली. लोकांची वाटते तशी नव्हे. ही वेगळी होती, हिला बघायला कुणी लागत नव्हतं.

खोली उभी राहिली, आतून पहिला हात फिरला, वाळलाही. मी रोशनीला म्हणालो, "चल, आण पुस्तकं."

"कॉटेजमध्ये?" ती म्हणाली. "राऊत सर विचारतील, रोशनी, तू गेस्ट आहेस का?"

"दार लावून बस. कुणाला काय कळतंय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिची नजर तिच्या आईची आहे, माझी नाही; सरळ येते. "बाबा, तुम्ही मला लपवताय की काकाला?"

ती चटई उचलून पुन्हा पेरूखाली गेली. परीक्षेला तीन आठवडे उरले होते. ज्या मुलीसाठी खोली बांधली तिलाच त्या खोलीत बसता येईना, कारण मी खोलीचं नाव वेगळं सांगून बसलो होतो. आता ती आत दिसली की मी खोटा ठरणार होतो, आणि ती आत बसली नाही तर तिचं वर्ष जाणार होतं. कागदपत्रांत असला घोळ दुसऱ्या कुणी केला असता तर मी लाल शाईने शेरा मारला असता.

रविवारी अकराच्या सुमाराला राऊत सर मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना घेऊन आले. एक गृहस्थ, त्यांची बायको, दोघांच्या हातात फोन. दादा बाहेरच्या बाजूने लिंपणाचा शेवटचा हात देत बसला होता. कोपरापर्यंत चिखल. बाईंनी फोन वर धरला आणि म्हणाल्या, "मामा, जरा इकडे बघा ना. हात भिंतीवरच असू दे. हां, आता हसा."

दादाने माझ्याकडे बघितलं. हसू का, असं तो मला विचारत होता. खरंच विचारत होता. माझं काम बिघडू नये म्हणून तो हसलाही असता.

माझी पाचावर धारण बसली होती. पेरूखाली रोशनी मांडीवर बंद पुस्तक घेऊन बसली होती, आणि तीही बघत होती. मी म्हणालो, "थांबा." आवाज फार बारीक आला, म्हणून परत म्हणालो. "थांबा. हा माझा भाऊ आहे. सख्खा. थोरला."

बाईंचा हात खाली आला. राऊत सर म्हणाले, "म्हणजे..."

"आणि सर, हे कॉटेज नाही. रोशनीला स्लॅबखाली बसायची भीती वाटते. मलाही वाटते. दादा आणि मी असल्याच घरात वाढलो. हे हलतं, पण पडलं तरी जीव घेत नाही. म्हणून तिच्यासाठी बांधलंय. त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो."

आणि मग राऊत सर हसले. मोठ्याने. "भाऊसाहेब, तुम्ही पण ना! किल्ला बांधलात आणि झोपडीत राहणार!" पाहुणेही हसले, जरा अवघडून. ते गेल्यावर कुंपणापलीकडून पुन्हा एकदा हसण्याचा आवाज आला. त्या वेळी मला कसलाच संशय नव्हता. ते मलाच हसत होते.

दादाने हात धुवायला पाणी मागितलं. मी तांब्याने त्याच्या हातांवर ओतत राहिलो. तो म्हणाला, "मला वाटलं नवतं तू सांगशील."

"मग? नसतं सांगितलं तर?"

"काय नाय. काम पुरं करून गेलो असतो. पोसीसाठी." आणि बोटांच्या फटींतली माती काढत बसला. मला रडू आलं. पाणी ओतायचं निमित्त होतं म्हणून मान खाली घालता आली.

सोमवारपर्यंत मसोलीत कळलं, मंगळवारपर्यंत कचेरीत. "काय साहेब, आज कुठून, बंगल्यातून की पाड्यावरून?" एकाने माझ्या टेबलावर गवताची काडी आणून ठेवली. एकाने नाव ठेवलं, ते इथे लिहीत नाही. मी घरी आलो की सुनंदा विचारायची, "आज काय म्हणाले?" आणि मी सांगायचो. सांगता सांगता माझ्या ध्यानात आलं की मला ते सगळं सांगता येत होतं. इतकी वर्षं जे हसणं मी पाठीमागे ऐकत होतो ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, कारण ते झालं की नाही हेच मला ठाऊक नसायचं. हे झालेलं होतं. ते झोंबलं, नाही असं नाही. जेवण जायचं नाही. पण ते चहाच्या वेळेला सुरू व्हायचं आणि चहा संपला की संपायचं.

राऊत सर दहा दिवसांनी कुंपणाशी आले. "ते तूस किती घालतात हो मातीत? सहज विचारतो." सहज विचारणाऱ्या माणसाबद्दल माझं मत वर सांगितलंच आहे. मी प्रमाण सांगितलं. सरांनी ते खरंच हवं म्हणून विचारलं की आणखी कुणाला रंगवून सांगण्यासाठी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

रोशनी मात्र पाहुणे येऊन गेले त्याच रविवारी दुपारी पुस्तकं घेऊन आत गेली. आत उजेड फार सुंदर यायचा. लिंपण जिथे सुटलं होतं तिथून उन्हाच्या बारीक रेघा वहीवर पडायच्या. ओल्या मातीचा वास हळूहळू सुक्या मातीचा झाला. माझे संशय चालूच होते. वाळवी लागेल म्हणून मी रोज खांब ठोकून बघायचो, आग लागेल म्हणून दाराशी वाळूची बादली आणि पाण्याचं पिंप ठेवलं होतं, दोऱ्यांच्या गाठी ओढून बघायचो. एका दुपारी पुन्हा खालून आवाज आला. मी घरातून अनवाणी अंगणात धावलो. कुडाच्या काठ्या करकरल्या. रोशनी हातात कंपास घेऊन दारात आली, माझ्याकडे बघून म्हणाली, "झाला?" मी म्हणालो, "झाला." ती आत गेली. मी तिथेच उभा राहून आतून कागदावर पेन चालल्याचा आवाज ऐकत होतो.

मार्चमध्ये पहिला पेपर होता मराठीचा. मी स्कूटरवरून तिला केंद्रावर नेलं. फाटकाशी ही गर्दी. आईबाप, मुलं, शेवटच्या क्षणी वह्या चाळणाऱ्या मुली, पोलीस, बाकांचे क्रमांक लावलेला फळा. रोशनी स्कूटरवरून उतरली, पाठमोरी झाली, आणि मला दिसलं. तिच्या गणवेशाच्या पांढऱ्या बाहीवर, कोपराच्या वर, लिंपणाचा डाग होता. सकाळी भिंतीला टेकून वाचत बसली होती, तेव्हाचा. तळहाताएवढा, शेणमातीचा, त्यात एक तुसाचा कणसुद्धा चिकटलेला.

मी खिशातून रुमाल काढला, पाण्याच्या बाटलीने ओला केला आणि तिचा दंड धरला. "थांब, डाग लागलाय."

"माहितीये."

"अगं, दिसतोय. दोन मिनिटं, पुसतो."

तिने बाही माझ्या हातातून सोडवून घेतली. रागाने नाही. "राहू द्या, बाबा. भिंतीचा आहे." आणि फाटकातून आत गेली.

तिच्या मागोमाग दोन मुली होत्या. त्यांनी त्या डागाकडे बघितलं, एकमेकींकडे बघितलं आणि तोंडाला हात लावला. त्या हसल्या की पेपरच्या भीतीने तसं केलं, मला सांगता येणार नाही. रोशनीने मागे वळून बघितलं नाही. ती फळ्यापाशी गेली, आपला क्रमांक शोधून त्यावर बोट ठेवलं आणि वर्गाकडे चालू लागली. मी ओला रुमाल हातात धरून ती दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभा राहिलो.